आधीवाली

रविवार लेगी, ४ मे

आज लेगी, आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला बाजाराचा दिवस. पाठीवर टोपली, टोपलीत जामूच्या, म्हणजे जडीबुटीच्या काढ्याच्या, आठ बाटल्या: तीन हळद-चिंच, तीन तांदूळ-कचोरा, एक आलं, एक किराईत. चौकात पोहोचले तर जो तो आधी माझ्याकडे बघतोय, मग वर बघतोय. म्हणून मीही वर पाहिलं.

दुमजली दुकानाच्या भिंतीएवढा फलक. त्यावर डावीकडे मी. घामेजलेली, उन्हाने डोळे बारीक झालेले, गालांवर वांग, कपाळाला आठ्या. खाली लिहिलंय, ‘आधी’. उजवीकडेही मीच, पण दुधात बुडवून वाळत घातल्यासारखी. सुरकुत्या पुसलेल्या, वांग गेलेले, ओठ गुलाबी. खाली ‘नंतर’. आणि वर मोठ्या अक्षरांत ‘वेनिंग ग्लो’.

सोयाबीनचे टेंपे तळणारी गियेम कढईतला झारा तसाच धरून ओरडली, “यू कासी, डावीकडची ओळखली. उजवीकडची कोण गं?”

“माझी सवत,” म्हटलं, आणि सगळे हसले. मीही हसले. बाजारात हसावंच लागतं. नाही हसलं तर हळद-चिंच कोण घेणार?

घरी येऊन सांगितलं तर दारमो म्हणाला, “जिल्हाधिकाऱ्याचासुद्धा एवढा मोठा फोटो नाही लागत.” माझा नवरा असाच आहे. घराला आग लागली तर म्हणेल, थंडी कमी झाली.

हे वहीत लिहितेय, कारण तोंडाने बोलले तर दुपारपर्यंत गल्लीभर होईल. गल्लीतल्या बातम्या माझ्याच टोपलीतून फिरतात, मला माहीत आहे.

वेनिंग शेजारच्या प्राप्तीची मुलगी, घरून गोरं करायचं क्रीम विकते. लहानपणी जेवत नव्हती, तेव्हा फडक्यात किराईत बांधून, नाक दाबून मीच तिच्या तोंडात पिळायचे. रमजानच्या आधी एका भरदुपारी तिने मला दारात थांबवलं होतं, “बुधे, एक फोटो!” बुधे म्हणजे मोठी मावशी, म्हणून मला वाटलं, प्रेमाने काढतेय.

सोमवार पाहिंग, ५ मे

वेनिंगकडे गेले. बाहेरची खोली डब्यांनी छतापर्यंत भरलेली, मधे गोल दिवा, दिव्यात फोन. तोंडाला कापडी मास्क. घरात कसला मास्क, विचारलं तर म्हणाली, सर्दी.

“बघितलंत ना बुधे? किती जणींनी विचारलं, ही कोण म्हणून!”

“काढ तो.”

“काय काढू?”

“माझं तोंड.”

“अहो, पण तुमच्यासारखा चेहरा मला दुसरा कुठे मिळणार?” हे तिने खरंच प्रेमाने म्हटलं. त्यामुळे जास्त लागलं. “आणि उजवीकडे बघा ना. डावीकडे कोण बघतंय?”

“मी तुझं क्रीम लावलेलं नाही, वेनिंग. एकदाही नाही. ते खोटं आहे.”

“मग लावा ना!” तिने एक डबी माझ्या हातात कोंबली. “म्हणजे खोटं राहणार नाही.”

प्राप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चाळीस वर्षं आमची भिंतीला भिंत आहे. पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

डबी कपाटात ठेवली आहे. पुरावा म्हणून. झाकण उघडून वास घेतला. वास चांगला आहे, याचा राग आला.

शुक्रवार लेगी, ९ मे

माझं नाव बदललं. तीस वर्षं मी यू कासी, कासीताई, होते, आता ‘आधीवाली’. पोरं लांबून ओरडतात, “आधीवाली आली!” त्यांच्या आया हाताने गप्प करतात आणि तोंडाने हसतात.

नव्या सुनेला मी लग्नानंतर चाळीस दिवस जामू देते. शाळेमागची सून आज म्हणाली, “यू, तुझ्या हळदीने कांती उजळते म्हणायचीस. मग फलकावर डावीकडे तू कशी?” सासू आतून म्हणाली, “अगं, ती स्वतःच क्रीम लावते म्हणे. आपल्याला मात्र हळद पाजते.”

आठातल्या तीन बाटल्या भरलेल्या परत आणल्या. चेहरा गेला तो गेला, त्याच्यापाठोपाठ हातांचं नावही चाललं.

मला माफी नको. माफी काय, ती हसत हसत देईल, वर फोटो काढेल. मला तिचं ‘आधी’ हवंय. चौकात, सगळ्यांसमोर, माझ्याएवढंच मोठं.

बुधवार लेगी, १४ मे

प्राप्ती परसातून आली. गार पिठीच्या तीन पुड्या हव्यात म्हणाली. उन्हातून आल्यावर चेहऱ्याला लावायची तांदळाची पिठी, मीच दळते. मागच्या आठवड्यातही तीन नेल्या.

“एवढी कशाला?”

“घामोळं.”

“तुला?”

“हो... घरातच.”

पैसे दिले ते ठरल्यापेक्षा जास्त. मी काही दुधखुळी नाही. मुलीने माझं तोंड काळं केलं, आई पिठी विकत घेऊन ते पुसू बघतेय. घेतले पैसे. पुड्या देताना म्हटलं, “तुझ्या घरी तर एवढं क्रीम आहे, प्राप्ती. तेच लाव की.” तिचा चेहरा असा झाला की मला दिवसभर बरं वाटलं.

मंगळवार पाहिंग, २० मे

दारमोच्या फोनवर वेनिंगची थेट विक्री बघते. रोज सकाळी दहा आणि संध्याकाळी चार. शत्रू काय करतो ते माहीत असावं. दारमो म्हणतो, “तू आजारी पडलीस तर ती पोरगी बेकार होईल. तूच तिची एकुलती पक्की गिऱ्हाईक.”

“मी काही घेत नाही.”

“बघतेस ना? तिकडे तुझा आकडा लागतो. एक डोळा, एक आकडा.”

बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. ही मुलगी रंगाशिवाय कधी दिसत नाही. फोनमध्ये रंग, रस्त्यावर मास्क. गेल्या तीन महिन्यांत तिचा उघडा चेहरा गल्लीत कोणी पाहिलेला नाही. का? कारण ती सावळी आहे! या हातांनी न्हाऊ घातलंय तिला, मला माहीत नाही? वाळल्या करवंटीचा रंग, बापासारखा. क्रीमने रेसभर फरक पडलेला नाही आणि ती जगाला गोरेपणा विकतेय.

सकाळची फेरी आता साडेपाचलाच सुरू करते, डोक्यावर रुंद टोपी घालून. उन्हाने जामू लवकर आंबतो, म्हणून.

गुरुवार लेगी, २९ मे

देवाने दिलं. वेनिंगचं लग्न ठरलंय, पंधरा जूनला. मुलगा सोलो शहरातला, बापाचं बाटिकचं दुकान आहे. आदल्या दिवशी सिरामान, नवरीची अंघोळ. मास्क लावून ती स्वतः सांगायला आली.

“बुधे, नवरीच्या अंघोळीचं उटणं तुमच्याच हातचं हवं. आणि लावायचंही तुम्हीच. गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांना तुम्ही लावलंत, मला कोण लावणार?”

“फोन असणार का समोर?”

“असणारच! अस्सल रीत लोकांना फार आवडते. जामूवाली बाई, हाताचं उटणं, सात विहिरींचं पाणी... बुधे, तुम्ही रागावलात का अजून?”

“मी?” म्हटलं. “मी कशाला रागावू? तू माझीच पोर.”

तिने नमस्कारासाठी माझा हात कपाळाला लावला. तेवढ्यात मास्क माझ्या मनगटाला घासला, तर तिने झटका बसल्यासारखं डोकं मागे घेतलं. माझ्या हळदीच्या हातांची आता घाण वाटते तिला. लक्षात ठेवलं.

शुक्रवार वागे, ६ जून

आज ईद. मशिदीतून मटणाचा वाटा आला, दारमोने विस्तव केला. सगळी गल्ली धुराने आणि मसाल्याने भरलेली. मी आपली उटण्याचा विचार करत बसले.

लग्नातला रंग पाण्याने निघत नाही. सिरामानला डोक्यावर सात जणींनी पाणी ओतलं तरी हलत नाही, मुद्दाम तसाच असतो. पण माझी धाकटी आत्या नाटकमंडळीत होती. रात्रभर राणी व्हायची आणि सकाळी खोबरेल तेलाचा बोळा फिरवून पुन्हा आत्या. पाण्याला न जुमानणारा रंग तेलापुढे लोळण घेतो.

म्हणजे उटण्यात तांदूळ, हळद, कचोरा नेहमीचंच. तेल मात्र नेहमीच्या दुप्पट, ताजं काढलेलं. यात विष नाही, कसली फसवणूकही नाही. उटणं कपाळापासून हनुवटीपर्यंत तीनदा फिरवायचं ही रीतच आहे. वडीलधारीचा हात नवरी अडवू शकत नाही. अडवला तर अपशकुन.

तीन हात. पहिल्यात रंग सुटेल, दुसऱ्यात उतरेल, तिसऱ्यात करवंटी उघडी पडेल. समोर फोन, फोनच्या मागे हजारो माणसं.

दारमोने विचारलं, “मटण जळतंय, तुला वास येत नाही का?”

गुरुवार क्लिवोन, १२ जून

प्राप्ती आली. मी पाट्यावर हळद वाटत होते. समोर उकिडवी बसली, माझ्या हातातून वरवंटा घेतला, थोडा वेळ तीच वाटत राहिली. चाळीस वर्षं आम्ही असंच करतो.

“यू,” ती म्हणाली, “उटणं हातापायांना लाव. खांद्यांना लाव. चेहऱ्याला नको.”

“रीत आहे.”

“रीत माहीत आहे मला. तरी नको. एवढं ऐक माझं.”

“का? माझं उटणं तिच्या गोऱ्या तोंडाच्या लायकीचं नाही?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

“तिने मला शपथ घातलीय,” म्हणाली आणि उठली. जाताना गार पिठीच्या पाच पुड्या मागितल्या.

शपथ म्हणे. मुलीचा सावळा रंग म्हणजे काय राजवाड्यातलं गुपित आहे? मी पुड्या दिल्या. चेहऱ्याबद्दल काही कबूल केलं नाही.

शनिवार पाहिंग, १४ जून

जसं झालं तसं लिहिते.

अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव, मोगऱ्याच्या माळा. वेनिंग चटईवर बसलेली, खांद्यांवर मोगऱ्याची जाळी. रंग असा बसवलेला की गालावर माशी घसरेल. समोर तिपाईवर फोन, त्यामागे तिची मदतनीस, एक कॉलेजातली मुलगी. वेनिंगने तिला माझ्यासमोर बजावलं होतं, “काहीही झालं तरी बंद करायचं नाही.” मुलगी आकडा सांगत होती. चार हजार. साडेचार.

आईबापांच्या पाया पडणं झालं. प्राप्ती रडली, सगळ्या आया रडतात. मग मला बोलावलं. हात, दंड, खांदे. उटणं छान झालं होतं, वास अंगणभर पसरला. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले, माझी पाठ फोनकडे. प्राप्ती म्हणाली, “यू...” मी ऐकलं नाही.

पहिला हात. तळव्यावर रंग आला, भिंतीचा चुना येतो तसा.

दुसरा हात. खाली करवंटी नव्हती. कातडीच नव्हती म्हणावं असं होतं. दोन्ही गाल कच्च्या मांसासारखे लाल, कडेने काळेनिळे चट्टे, हनुवटीवर फुटलेले फोड. माझ्या बोटांना ओल लागली, ती तेलाची नव्हती.

तिने डोळे उघडले नाहीत. ओठ न हलवता म्हणाली, “बुधे, आग होतेय. बुधे, मला तिकडे वळवा.”

मी मधे होते. जोवर मी मधे होते तोवर कोणाला काही दिसत नव्हतं. पदर होता माझ्याकडे, पाण्याची घागर शेजारी होती, प्राप्ती दोन हातांवर होती. मी हे सगळं पाहिलं. घाईत काही झालं असं नाही. मला वेळ होता.

तिसरा हात फिरवला. मग बाजूला झाले.

मदतनीस मुलगी “अय्यो” म्हणाली, पण फोन बंद केला नाही. तिला तसं सांगितलं होतं.

सोमवार वागे, १६ जून

लग्न झालं. नवरी जाड पडद्यात होती. सोलोच्या लोकांनी मोडलं नाही. नवरा मुलगा तिच्या शेजारून हलला नाही म्हणे, हे गियेमने सांगितलं.

चौकातला फलक रविवारीच उतरवला. आता मला कोणी आधीवाली म्हणत नाही. म्हणायला कोणाला आठवतच नाही, सगळ्यांच्या फोनवर तिचा चेहरा आहे.

आज आठही बाटल्या नऊच्या आत संपल्या. प्रत्येक दारी एकच. “यू, कशी होती गं? हाताला काय लागलं?” मी सांगितलं. दहाव्या दारापर्यंत मी हात करून दाखवायला लागले होते. शेवटच्या दारी जे नव्हतं तेही सांगितलं, की कातडीचा तुकडा माझ्या बोटाला चिकटून आला.

जिंकले. असंच असतं ना जिंकणं?

दारमो जेवताना म्हणाला, “एक विचारू? महिनाभर ती पिठी कोणाच्या तोंडासाठी दळत होतीस?”

मी भात वाढला. त्याने पुन्हा विचारलं नाही.

गुरुवार पाहिंग, १९ जून

वेनिंग आली. मास्क नाही, फोन नाही. भरदुपारी, त्याच दारात जिथे माझा फोटो काढला होता. मी आत घेतलं, उन्हात उभं करण्यासारखं तोंड नव्हतं.

“यावर काही आहे का, बुधे?”

“सरकारी दवाखान्यात आधी जा. मी आग तेवढी कमी करीन. लावणं बंद का नाही केलंस?”

“सोडलं की जास्त आग व्हायची. आणि विकणारीनेच सोडलं तर घेणार कोण?” मग म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“पण बाजूला झालात.”

“हो.”

ती रडली नाही. रडली असती तर मी कदाचित तिथेच सोडलं असतं. पण सगळ्यांनी तिला फोनवर पाहिलं होतं, दारांनी तिच्या तोंडून अजून ऐकलं नव्हतं, आणि माझी टोपली दारांवर चालते. मी म्हटलं, “औषध देते. पण माझ्या फेरीला यायचं. छत्री घे, मास्क नाही. अडतीस दारं. प्रत्येक दारी दोन गोष्टी सांगायच्या. हे तोंड त्या डबीने झालं. आणि यू कासीचं गोरं तोंड तू कॉम्प्युटरवर केलंस.”

“नाही म्हटलं तर?”

“तरी औषध देईन. पण नाक दाबून.”

ती हसली. हसताना गाल ताणले, तेव्हा कळवळली. मी बघत राहिले. कबूल करते, ते कळवळणं मला पुरेसं नव्हतं.

रविवार क्लिवोन, २२ जून

साडेपाचला निघालो. पहिलं दार गियेमचं. वेनिंगने दोन्ही गोष्टी सांगितल्या, आवाज न चोरता. गियेम ऐकत ऐकत पायरीवर बसली आणि स्वतःच्याच डोळ्यांना पदर लावायला लागली. दुसऱ्या दारी कोणी वर बघेना. तिसऱ्या दारची सून आत पळाली, थोड्या वेळाने तीन डब्या आणून आमच्या पायाशी ठेवल्या, दोन रिकाम्या. वेनिंग प्रत्येक दारी नव्याने उभी राहत होती. सातव्या दारापर्यंत मला वाटायला लागलं की पुरे झालं, उरलेली मी एकटी करते.

आठवं दार मास्तरांच्या बायकोचं, बू सारवीचं. तिने सगळं नीट ऐकलं. दोनदा “अरेरे” म्हणाली. छत्री बाजूला सारून तोंड जवळून पाहिलं. मग नातवाला आत पिटाळलं, दार अर्धं ओढून घेतलं आणि हळूच विचारलं, “मग उरलेल्या डब्या... अर्ध्या किमतीत देशील का गं?”

वेनिंगने गाल उजेडात धरला.

“अगं, तुला मानवलं नाही. तुझी कातडी आधीपासून नाजूक. माझी जाड आहे, गेंड्याची. भाचीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात, तेवढ्यापुरतं.”

मला बघायचं होतं, वेनिंग काय म्हणते. छतापर्यंतचा माल आहे, कर्ज काढून भरलेला, हे गल्लीला माहीत आहे. तिला उत्तर द्यायला वेळ लागला. माझा सगळा सूड तेवढ्या वेळात तिथे दारात उभा होता आणि कोणाच्या बाजूने उभा राहावं हे त्याला कळत नव्हतं.

“डब्या नाहीत, बू,” वेनिंग म्हणाली. “काल पुरून टाकल्या सगळ्या. आमच्या परसात.”

बू सारवीने मान हलवली. “चांगलं केलंस, पोरी. फार चांगलं केलंस.” दार लावता लावता थांबली. “केळीपाशी, की विहिरीकडे?”

सोमवार लेगी, २३ जून

सकाळी बाटल्या भरत होते तर प्राप्तीने भिंतीवरून हाक मारली. परसात गेले. विहिरीकडे तीन ठिकाणी आणि केळीपाशी एका ठिकाणी माती उकरलेली. केळीपाशी चपलांचे ठसे, कमीत कमी चार मापांचे. वेनिंग खड्ड्याच्या कडेला उभी होती, तोंडाला माझा लेप.

“किती गेल्या?” विचारलं.

“मोजायच्या राहू दे, बुधे,” ती म्हणाली. “कोणी नेल्या ते सांगा.”

तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं. गेले दीड महिने ते माझ्याकडे राहायला होतं.

टोपली उचलली. तिने छत्री घेतली. तीस दारं अजून बाकी आहेत, शिवाय झालेली आठ पुन्हा. चपला सगळ्यांच्या दाराबाहेरच असतात, आणि प्राप्तीच्या परसातली माती लाल आहे.